शुचिता, स्वच्छता आणि चव : मुंबई-पुण्यातील उपाहारगृहांचा निवाडा

प्रस्तावना

घराबाहेर जेवून आलेला मनुष्य घरी परतल्यावर जेवणाविषयी काही ना काही मत देतोच. भाजी खारट होती, वेटर उद्धट होता, दर अवाच्या सवा होते, किंवा 'जागा बरी आहे, घरच्यांना घेऊन जाण्यासारखी आहे', अशा स्वरूपाची ही मते वरवर पाहता वैयक्तिक रुचीची बाब वाटतात. परंतु उपाहारगृहाचा निवाडा करताना कोणता प्रश्न प्रथम विचारावयाचा, हे त्या त्या काळातील समाज ठरवीत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील किंवा मुंबईतील सवर्ण हिंदू गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न 'अन्न कसे आहे' हा नव्हता. 'ते कोणी शिजविले, कोणी वाढले आणि शेजारच्या पाटावर कोण बसले आहे' हा होता. आज हा प्रश्न उघडपणे विचारणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. या दोन टोकांमधील वाटचाल मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मुंबईतील बाहेर जेवण्याच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष तसे उशिराच गेले. फ्रँक कॉनलन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. व्यापारउदिमाने गजबजलेल्या या शहरात उपाहारगृहांची वाढ मात्र सावकाश झाली आणि त्यामागे सोवळ्याओवळ्याचे निर्बंध हे एक महत्त्वाचे कारण होते, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. मराठीत या विषयावर आठवणीपर लेखन विपुल आहे. तथापि त्यातील बरेचसे लेखन चवीच्या स्मरणरंजनात रमते आणि टेबलाशी कोणाला बसू दिले जात असे या प्रश्नाला बगल देते.

चहाच्या पेल्याचा खटला

दि. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये एक सभा भरली. सभेनंतर उपस्थितांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्या. महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी होती. काहींनी चहा घेतला, तर काहींनी केवळ यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला. या प्रसंगामागे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचे डोके होते. पुढे त्यांनी चहापानास उपस्थित असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध करविली आणि शहरात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उपस्थित झाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले व त्यामुळे त्यांच्याच सुधारक अनुयायांचा रोष ओढवून घेतला.

सदर प्रकरणाची चर्चा सामान्यतः सुधारक-सनातनी वादाच्या अंगाने केली जाते व ते योग्यच आहे. परंतु खाद्यव्यवहाराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. दीडदोन वर्षे चाललेल्या या वादात चहा कसा होता हा मुद्दाच असू शकत नव्हता. पेला ओठास लागला की नाही, एवढ्यावरच सारा खल झाला. अन्नपेयाचा निवाडा हा येथे अन्नाचा निवाडा नव्हता, तर खाणाऱ्याचा होता.

पाट, पंगत आणि पाटी

अशा समाजात पैसे देऊन परक्याच्या हातचे जेवावयाचे, तर तो परका 'आपला' असल्याची हमी हवी. शिक्षणासाठी व नोकरीसाठी शहरात एकटे राहणाऱ्या पुरुषांची संख्या वाढू लागली तसतशी ही हमी दुकानाच्या पाटीवरच लिहिली जाऊ लागली. 'ब्राह्मणाची खानावळ', 'हिंदू हॉटेल' अशा पाट्यांचा अर्थ तत्कालीन वाचकास निराळा समजावून सांगावा लागत नसे. रेल्वेस्थानकांवर हिंदूंचे पाणी व मुसलमानांचे पाणी वेगळे असे. स्थानकावरील प्रवाशाच्या लेखी पाणी थंड आहे की गरम हा दुय्यम प्रश्न होता.

सुशिक्षितांच्या संस्थाही यास अपवाद नव्हत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांमध्ये त्यांचे अध्यापन लोकप्रिय असतानाही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या सामाईक भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जे घडत होते, ते नाक्यावरच्या चहाच्या दुकानात घडत नसेल असे मानण्यास काहीच आधार नाही.

या काळात 'स्वच्छ' हा शब्द उपाहारगृहांच्या संदर्भात विशेष प्रचारात आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यास दोन अर्थांची डूब होती. एक अर्थ शास्त्रीय आरोग्याचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यानंतर पाणी, सांडपाणी, घुशी, अंधाऱ्या खोल्या यांविषयी नागरी जाणीव तीव्र झाली होती. दुसरा अर्थ सोवळ्याचा होता. स्नान केलेला आचारी, घासलेले पितळी तांबे आणि सारवलेली जमीन ही चिन्हे दोन्ही अर्थांना सारखीच लागू पडत. त्यामुळे दुकानदारास एकच शब्द वापरून जुन्या व नव्या अशा दोन्ही गिऱ्हाइकांना आश्वस्त करता येत होते. दादर येथे १९१० मध्ये सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह किंवा गिरगावातील मराठी उपाहारगृहे यांनी मध्यमवर्गीय मराठी माणसास घराबाहेर खाण्याची सवय लावली, ती थालीपीठ, मिसळ, बटाटेवडा, पियूष अशा घरगुती अथवा घरगुतीच्या जवळच्या पदार्थांच्या आधारे. घराबाहेर जावयाचे, पण घरापासून फार दूर जावयाचे नाही, असा हा समझोता होता.

गिरणगावातील खानावळीची गोष्ट थोडी वेगळी होती. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेल्या गिरणी कामगारांपैकी पुष्कळांची कुटुंबे गावीच राहत. अशा एकट्या पुरुषांना चाळीतील बायका महिन्याच्या बोलीवर जेवण घालीत. नवऱ्याच्या अपुऱ्या पगारास हातभार म्हणून, अथवा वैधव्यानंतर उदरनिर्वाहासाठी, दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक एका खोलीत रांधणाऱ्या या स्त्रियांच्या खानावळी गाव व जात यांच्या आधारेच उभ्या राहत. तरीही गिऱ्हाइकाच्या निवाड्यास तेथे आणखी दोन परिमाणे होती. पहिले उधारीचे. पगार होईपर्यंत थांबणारी खानावळवाली ही चांगली खानावळवाली. दुसरे गावच्या चवीचे. मालवणी मसाला आणि घाटावरचे तिखट यांतील फरक कामगारास पुस्तकावाचून कळत होता. नापसंतीची नोंद महिन्याअखेरीस ताट हलवून केली जाई, आणि ती कोणत्याही लेखी अभिप्रायापेक्षा परिणामकारक असे.

या स्त्रियांचे श्रम सार्वजनिक नोंदीत येण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या व कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. सावकाराच्या पाशातून खानावळवाल्यांना सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून देणे हा त्या कार्याचा गाभा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांबरोबर या खानावळींचाही कणा मोडला. ज्याचा पगार बंद, त्याचे ताटही बंद. आणि थकलेली उधारी वसूल करावयाची ती कोणाकडून, हा प्रश्न संपाच्या इतिहासलेखनात क्वचितच येतो.

इराणी : कोपऱ्यावरची मोकळीक

पाटीच्या या जगास पहिला मोठा छेद दिला तो इराण्यांनी. इराणमधील यझ्द व केरमान या प्रांतांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत आलेल्या, बहुसंख्य झरतुष्ट्री असलेल्या या मंडळींनी चहापावाची दुकाने थाटली. धोबीतलावाजवळचे कयानी (१९०४), ग्रँट रोड स्थानकाजवळचे मेरवान (१९१४), बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) ही त्यांतील प्रसिद्ध नावे. पुण्यातील डेक्कनवरचे गुडलक (१९३५) हे त्याच परंपरेतील. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांना स्वस्तात मिळाल्या, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, दोन रस्त्यांवर उघडणारी दारे ही या दुकानांची खूण ठरली. कोणी आत शिरताना दिसले तरी हरकत नाही, असा जणू तो वास्तूचाच पवित्रा होता.

संगमरवरी पृष्ठाची टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, गल्ल्यावर बसलेला मालक, बरण्यांतील बिस्किटे, ब्रून-मस्का आणि 'पानी कम चाय' हे सारे वर्णन मराठी वाचकास परिचित आहे. येथे महत्त्वाचे आहे ते टेबल. पंगतीत पाट कोणाच्या शेजारी मांडावयाचा हे यजमान ठरवितो. इराण्याच्या टेबलाशी रिकामी खुर्ची दिसली की कोणीही येऊन बसतो. गोदी कामगार, कारकून, कवी, बेकार तरुण आणि घोड्यांच्या शर्यतींचा अंदाज बांधणारा शौकीन हे एकाच पृष्ठावर कपबश्या ठेवीत. आचाऱ्याची जात विचारणे येथे निरर्थक होते, कारण आचारी, मालक व पावाचा भट्टीवाला यांपैकी कोणीच जुन्या अर्थाने 'चालणारा' नव्हता. साहजिकच सनातनी घरांत इराण्याकडचा चहा हा बराच काळ लपवून करण्याचा उद्योग राहिला.

मात्र इराण्याकडील मोकळीक बिनशर्त नव्हती. कपबशी येथे सर्वांस एक होती, पण ती किती वेळ पुढ्यात ठेवून बसावे यास मर्यादा होत्या. भिंतीवरील सूचनाफलक हे या संस्थेचे खास वैशिष्ट्य होय. मोठ्याने बोलू नये, केस विंचरू नयेत, अशा धर्तीच्या सूचनांच्या या फलकांवरून निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविता रचली, तर अरुण कोलटकरांनीही इराणी उपाहारगृहास आपल्या कवितेचा विषय केले. गिऱ्हाईक उपाहारगृहाचा निवाडा करते त्याच वेळी उपाहारगृहही गिऱ्हाइकाचा निवाडा करीत असते, हे त्या फलकांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे लिहिले गेले असेल. फरक इतकाच की येथील नियम वर्तनाचे होते, जन्माचे नव्हते. केस न विंचरणे कोणासही जमण्यासारखे आहे.

स्त्रियांसाठी याच दुकानांत 'फॅमिली रूम' असे. पडद्याआडच्या किंवा लाकडी दुभाजकामागच्या या खोलीमुळे स्त्रियांना बाहेर बसून खाणे शक्य झाले, हे खरेच. तथापि कुटुंबासह येणारी स्त्री व एकटी येणारी स्त्री यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीतील भेदही त्या पडद्याने पक्का केला. एकट्या पुरुषास समोरच्या टेबलाशी तासभर बसण्याचा जो हक्क सहज मिळाला, तो स्त्रीला मिळण्यास आणखी पन्नास वर्षे लागली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सहभोजन आणि उडुपी

जात मोडण्यासाठी जेवण हे हत्यार हेतुपुरस्सर वापरण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. वि. दा. सावरकर यांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात, १९३३ मध्ये, सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले 'अखिल हिंदू उपाहारगृह' सुरू करविले. त्याची कक्षा नावातच मर्यादित केलेली होती, हेही नोंदविले पाहिजे. पुढे 'समतानंद' म्हणून ओळखल्या गेलेल्या अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजनांची मोहीम चालविली. पक्वान्नांऐवजी झुणका-भाकर निवडण्यात मोठे मर्म होते. जे अन्न सर्वांच्या घरी शिजते ते एकत्र बसून खाण्यास हरकत घेणाऱ्याजवळ चवीचे निमित्त उरत नाही. १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली तेव्हा पदार्थ तोच होता, पण प्रश्न आता स्वस्ताईचा झाला होता.

सहभोजनापेक्षा अधिक शांतपणे, आणि कदाचित अधिक खोलवर, परिणाम घडविला तो उडुपी उपाहारगृहांनी. दक्षिण कन्नड भागातून आलेल्या मंडळींनी माटुंगा परिसरात १९३० व १९४० च्या दशकांत आपला जम बसविला. माटुंगा स्थानकासमोरील रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. उडुपीच्या मठ-मंदिरांतील पाकपरंपरेशी असलेला संबंध आणि आरंभीच्या काळातील ब्राह्मण आचारी यांमुळे सोवळ्या गिऱ्हाइकास भटारखान्याची चिंता उरली नाही. दुसरीकडे बाहेरच्या दालनातील टेबले मात्र शहराला, म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्या प्रत्येकास, खुली झाली. जुन्या प्रश्नाचा अर्धा भाग, म्हणजे 'कोणी शिजविले', येथे शाबूत राहिला. 'शेजारी कोण बसले' हा दुसरा अर्धा भाग गळून पडला. पुढे बंट समाजातील शेट्टी मंडळींनी हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर हाती घेतला आणि आचाऱ्याच्या जातीचा प्रश्नही बहुतेकांनी विचारणे सोडून दिले. इडली-सांबार, साधा डोसा व राईसप्लेट यांचा दर्जा शहरभर बव्हंशी सारखा असल्याने निवाड्याचे निकष वेग, दर आणि सांबाराचा दाटपणा येथवर उतरले. १९६० च्या दशकात दक्षिण भारतीयांविरुद्धच्या आंदोलनात ही उपाहारगृहे लक्ष्य झाली, तेव्हा पुन्हा एकदा मालक कोठला आहे हा प्रश्न पुढे आला. परंतु मराठी गिऱ्हाइकाने तोवर डोशास आपले म्हटलेले होते, आणि घोषणा ओसरल्यावर तो त्याच टेबलाशी परतला.

१ जून १९५५

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने, २६ जानेवारी १९५० पासून, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहांचा असा नावानिशी उल्लेख व्हावा, यावरून त्या दाराशी किती अपमान साठलेला होता याची कल्पना येते. मुंबई प्रांताचा या विषयावरील कायदा त्याआधीच, १९४७ मध्ये, झाला होता. सतराव्या अनुच्छेदाच्या अंमलबजावणीसाठी संसदेने अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला. त्याच्या चौथ्या कलमात प्रवेशाबरोबरच सार्वजनिक उपाहारगृहातील भांड्यांच्या वापराचाही अंतर्भाव होता. वेगळी कपबशी ठेवणे हा आता रिवाज नव्हता, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र असा अपराध होता, आणि दोषी दुकानदाराचा परवानाही रद्द होऊ शकत होता. १९७६ च्या दुरुस्तीने हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून अधिक कडक झाला.

हा अधिनियम १ जून १९५५ रोजी अंमलात आला. त्याच दिवशी आणखी एक केंद्रीय कायदा अंमलात आला, तो म्हणजे अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४. दोन्ही कायद्यांची तारीख एकच असावी हा योगायोग असेल, परंतु तो अर्थपूर्ण आहे. पहिल्या कायद्याने अन्नास कोणी स्पर्श केला या प्रश्नास बेकायदा ठरविले आणि दुसऱ्याने अन्नात काय मिसळले आहे या प्रश्नास कायद्याचे बळ दिले. जुन्या 'स्वच्छ' शब्दातील दोन अर्थ राज्यसंस्थेने या दिवशी कायद्याच्या पातळीवर वेगळे केले, असे म्हणता येईल.

व्यवहारात हे दोन अर्थ इतक्या सहजपणे वेगळे झाले नाहीत. पाण्याचे चार ग्लास एका हातात, आत बोटे बुडवून, आणणारा उपाहारगृहातील पोऱ्या हा मराठी विनोदाचा जुना विषय आहे. पूर्वीच्या गिऱ्हाइकास त्या बोटाची जात खुपली असती. नंतरच्या गिऱ्हाइकास त्यावरील मळ खुपला. ही प्रगती नव्हे असे कोण म्हणेल? परंतु ते बोट कोणाचे आहे, त्याचे वय काय, तो कोठे झोपतो, हे दोन्ही काळांतील गिऱ्हाइकांनी विचारले नाही. उपाहारगृहे व ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यावर बंदी येण्यास १० ऑक्टोबर २००६ हा दिवस उजाडावा लागला. भटारखान्यातला उकाडा आणि मोरीपाशी रात्री उशिरापर्यंत चालणारी भांडी घासणी हा घटक चवीच्या हिशेबात कधी धरला गेलाच नाही.

ग्रामीण भागात तर पहिला प्रश्नही संपला नव्हता. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे व अमिता बाविस्कर यांनी अकरा राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला जो ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सुमारे एकतृतीयांश गावांत चहाच्या दुकानांमध्ये व उपाहारगृहांमध्ये दलितांसाठी वेगळी भांडी अथवा वेगळी बैठक आढळल्याची नोंद आहे. १९५५ चा कायदा त्या वेळी पन्नाशीत पोहोचला होता.

परमिट रूम

मद्यपानगृहाच्या बाबतीत निवाड्याचे काम गिऱ्हाइकाआधी शासनानेच उरकले होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी लागू करण्याचा काँग्रेस मंत्रिमंडळाचा प्रयत्न अल्पजीवी ठरला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मात्र संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. या कायद्यास दिलेले आव्हान १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द ठरवून कायदा मुख्यतः कायम ठेवला. या काळात पिणारा पिण्याचे थांबला नाही, तो आंटीच्या अड्ड्यावर गेला. घरातल्या एका खोलीत, बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती स्त्रीने चालविलेल्या या अड्ड्याचा दर्जा ठरविण्याचा निकष साधा होता : उद्या सकाळी डोळे शाबूत राहतील की नाही.

पुढे बंदी सैल झाली तरी कायद्याची मूळ कल्पना बदलली नाही. कायद्याच्या दृष्टीने पिणारा हा परवानाधारक असतो, म्हणून त्याची बसण्याची जागाही 'परमिट रूम'. सौम्य बिअरसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा पाळून परवाना जवळ बाळगणे महाराष्ट्रात कायद्याने आवश्यक राहिले, आणि तो जवळ नसताना पिणे हा मध्यमवर्गाचा सर्वांत सार्वत्रिक कायदेभंग ठरला. अनेक इराण्यांनी व उडुप्यांनी १९७० नंतर आपल्या दुकानाचा काही भाग परमिट रूमकडे वळविला. दोन रस्त्यांवर उघडणारी दारे बंद झाली, काचांना काळा कागद लागला, दिवे मंद झाले. इराण्याचे टेबल रस्त्यावरून दिसावे अशा जागी असे. परमिट रूमचे टेबल दिसू नये अशा जागी असते. येथील चांगल्या जागेची व्याख्या 'कोणी ओळखीचे भेटत नाही' अशी होऊन बसली, आणि १८९० मधील पेला हाती धरून बसलेल्या पुणेकरांची अस्वस्थता निराळ्या रूपात परत आली.

या मंद प्रकाशात काम करणाऱ्या स्त्रियांचाही निवाडा परस्पर झाला. ऑगस्ट २००५ मध्ये राज्य शासनाने डान्स बारवर बंदी घातली. मात्र तारांकित हॉटेलांना त्यातून वगळले होते. हा भेद उच्च न्यायालयास २००६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयास २०१३ मध्ये मान्य झाला नाही. तोच नाच महागड्या जागी सभ्य व स्वस्त जागी असभ्य कसा, या प्रश्नास शासनाजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. दरम्यानच्या वर्षांत त्या स्त्रियांचे रोजगार गेले, ते गेलेच.

स्तंभ, तारे आणि पुन्हा पाटी

चवीस व सेवेस केंद्रस्थानी ठेवून उपाहारगृहांचे छापील परीक्षण करण्याची प्रथा मुंबईत प्रथम इंग्रजी पत्रांतून रुजली. 'बिझीबी' या नावाने लिहिणारे बेहराम कॉन्ट्रॅक्टर (निधन २००१) यांनी पंचतारांकित भोजनगृहाइतक्याच आस्थेने इराण्याविषयी व खानावळीविषयी लिहिले. मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' सारख्या ललित लेखनाने खाण्यावर प्रेम करावयास शिकविले, परंतु अमुक ठिकाणचे अमुक वाईट आहे असे नाव घेऊन सांगणारे परीक्षण मराठी पत्रसृष्टीत दीर्घकाळ दुर्मीळच राहिले. मराठी माणसाचा कठोर निवाडा तोंडी असे. २०१५ मध्ये लंडनमधील एका खाद्यपुरस्कार समारंभात दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली, तेव्हा त्या निर्णयावर सर्वांत अधिक मतभेद पुणे, कोल्हापूर व नाशिक येथे झाले असल्यास नवल नाही.

दरम्यान तपासणीची यंत्रणाही बदलली. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात येऊन त्याने १९५४ च्या कायद्याची जागा घेतली. परवाना क्रमांक दर्शनी भागात लावणे आले. २००८ नंतर भ्रमणध्वनीवरून तारे देण्याची पद्धत आली आणि प्रत्येक गिऱ्हाईक परीक्षक झाले. या ताऱ्यांत अन्न, सेवा व वातावरण यांना जागा आहे. भटारखान्यातील वेतनास नाही.

आणि एक जुना शब्द पाटीवरून कधीच उतरला नव्हता. 'शुद्ध शाकाहारी' या पाटीतील 'शाकाहारी' हा शब्द पदार्थाविषयी सांगतो आणि तेवढे सांगणे गिऱ्हाइकाच्या हक्काचे आहे. 'शुद्ध' हा शब्द कशाविषयी सांगतो? मद्रासमध्ये १९५७ साली पेरियार यांच्या अनुयायांनी एका उपाहारगृहावरील 'ब्राह्मण' हा शब्द काढून टाकण्यासाठी दीर्घकाळ आंदोलन केले व असंख्य कार्यकर्त्यांनी अटक करवून घेतली. मुंबई-पुण्यात तसे आंदोलन झाले नाही. येथे 'ब्राह्मणाची खानावळ' हे शब्द आपोआप विरळ होत गेले आणि 'शुद्ध' हा एकटा शब्द त्यांचे काही काम करीत राहिला, असे मानण्यास जागा आहे.

मार्च २०२४ मध्ये 'झोमॅटो' या घरपोच अन्न पुरविणाऱ्या कंपनीने केवळ शुद्ध शाकाहारी उपाहारगृहांतील अन्न पोहोचविण्यासाठी हिरव्या पोशाखातील वेगळा ताफा जाहीर केला. टीका होताच दुसऱ्या दिवशी वेगळा पोशाख मागे घेण्यात आला. लाल पोशाखातील कामगारास मांसाहाराशी जोडून काही गृहसंकुले विशिष्ट दिवशी दाराशी अडवू शकतील, ही भीती कंपनीने स्वतःच व्यक्त केली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेश व उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील उपाहारगृहांनी मालकांची व कामगारांची नावे दर्शनी लावावीत असे प्रशासनाने फर्माविले. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आदेशास अंतरिम स्थगिती दिली. आपण कोणते अन्न देतो हे उपाहारगृहांना लिहावयास सांगता येईल, मात्र ते कोण देतो त्याचे नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने त्या आदेशात म्हटले.